बरोबर असलेली ओळ

बारा वर्षांत माझ्या हाताखालून जेवढी मुलं गेली, त्यांतल्या एकाचाही डावा तळहात कोरा राहिला नाही. पट्टी बांबूची, हातभर लांब, दोन बोटं रुंद. एका चुकीला एक फटका, आणि तो ज्याचा त्याने मोठ्याने इंग्रजीत मोजायचा. वन, टू, थ्री. तेवढाच आकड्यांचा सराव. उजव्या हाताला मी कधी धक्का लावला नाही, कारण जुलैत विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा त्याच हाताने द्यायची असते. छू माझं आडनाव; मुलं मागे मला छू वाघीण म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

सगळ्यांत जास्त फटके मी ‘ही’ आणि ‘शी’ यांच्यासाठी मारले. ‘ही’ म्हणजे तो, ‘शी’ म्हणजे ती. आमच्या चिनी बोलण्यात या दोघांचा उच्चार एकच, ‘था’. लिहिताना अक्षरं वेगळी, पण तोंडातून बाहेर पडताना काही फरक नाही. मग इंग्रजी लिहायला घेतलं की आमच्या पोरांचा बाप ‘शी’ होतो, आई ‘ही’ होते आणि आजोबा बाळंत होतात. हूनानमधल्या आमच्या तालुक्याच्या शाळेत तर ही चूक रोगासारखी पसरलेली.

त्यात मियाओ चिन पहिल्या नंबरची. शेवटच्या वर्षाला होती, हाडकुळी, बोलायची कमी.

“मियाओ चिन, तुझे वडील बाई आहेत का गं?”

“नाही, बाई.”

वर्ग खो-खो हसायचा.

“मग हे ‘शी’ कुठून आलं?”

“चुकलं, बाई.”

“हात.”

परीक्षेत एक प्रश्न असतो. दहा ओळींचा उतारा, नऊ ओळींत एकेक चूक, ती शोधून सुधारायची. एक ओळ मात्र बरोबर असते, तिच्यापुढे बरोबरची खूण करायची. मुलांना चुका पटापट सापडतात. अडतात ती बरोबर ओळीपाशी. तीही कुठेतरी मोडलेली असणार असं वाटून ती चांगली ओळ बिघडवून ठेवतात. “डोळे फुटलेत का?” म्हणून मी त्यावरही मारत असे.

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. आठवड्याची इंग्रजी रोजनिशी तपासताना मियाओ चिनचं पान समोर आलं. वाकडंतिकडं इंग्रजी, पण कळत होतं. आमच्या घरात मारामारी होते. काल शीने त्याच्या पाठीत स्टूल मोडलं. शीने त्याच्या हाताला तापलेल्या चिमट्याचा चटका दिला. ‘ही’ ओरडत नाही. मला भीती वाटते. आणि शेवटी: ‘शी विल किल हिम.’ ती त्याला जीवे मारील.

माझा बाप माझ्या आईला कोळशाच्या फावड्याने मारायचा. मी पलंगाखालून बघायचे. मारणारा कोण आणि मार खाणारं कोण हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मियाओ चिनची आईही मी पाहिली होती. बाजारात डुक्कर कापून विकायची, शाळेत आली तेव्हा हाताच्या मुठीला फडकं बांधलेलं, आवाज लोण्यासारखा मऊ. ते फडकं बघून मला तेव्हाच शंका आली होती.

मी लाल पेन उचललं आणि एकेक सर्वनाम खोडून उलटं केलं. सात. शेवटची ओळ झाली: ‘ही विल किल हर.’ तो तिला जीवे मारील.

मग पोरीला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

“हे खरं आहे?”

“हो, बाई. काल परत त्यांनी त्यांना मारलं.”

“किती दिवस चाललंय?”

“दोन वर्षं. कुणाला सांगू नका, बाई. पण काहीतरी करा.”

“आणि असल्या गोष्टीतसुद्धा तुला ‘ही’ ‘शी’ धड लिहिता येत नाही? माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तू सगळं उलटसुलट करून ठेवलंयस!”

तिने पानाकडे पाहिलं. “बाई, हे मी...”

“उलट बोलू नकोस. हात.”

सात फटके मारले. रागाने मारले, पण राग तिच्यावर नव्हता, तिच्या बापावर होता. तिने सातही मोजले. सेव्हन म्हणताना तिच्या हाताची कातडी फाटली होती.

“बाई, या वेळी मी...”

“या वेळी काय? आठवा हवाय?”

तिने हात पाठीमागे घेतला.

पोलिसांत जाऊन उपयोग नव्हता. नवरा-बायकोचं भांडण म्हणून त्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं. माझ्या आईला तसंच पाठवलं होतं. म्हणून रविवारी दुपारी मी खेळाच्या फांग सरांना बरोबर घेतलं. आठ वर्षं सैन्यात काढलेला माणूस, मान आणि खांदा एकच.

“फक्त दम द्यायचाय ना, ताई?” त्याने विचारलं.

“दमाने भागलं तर दम,” मी म्हणाले. “नाहीतर लक्षात राहील असं काहीतरी.”

मियाओंच्या अंगणात शिरलो तेव्हा आतून धप्प असा आवाज आला. आई दारात, हातात कोळशाचा चिमटा, बाहीवर रक्त. बाप भिंतीला टेकून बसलेला, कपाळ फुटलेलं. मला वाटलं, शाबास बाई, आज तरी चिमटा हिसकावून घेतलास.

मला बघताच तिने चिमटा खाली टाकला आणि हंबरडा फोडला. “आलात हो, छू बाई! आता नाही सोसवत मला!”

फांगने बापाची गचांडी धरून त्याला उभा केला आणि पोटात गुडघा घातला. पहिल्या दणक्यालाच माणूस वाकला. दुसरा तोंडावर बसला, दोन दात फरशीवर पडले. त्याने हात जोडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. खाली बघत राहिला. मला तो निगरगट्टपणा वाटला. आता कळतं, कुठला पुरुष परक्या माणसासमोर म्हणेल की मला बायको मारते?

तेवढ्यात मियाओ चिन विहिरीवरून धावत आली. बादली टाकून ती फांगच्या दंडाला लोंबकळली.

“सोडा! त्यांनी नाही मारलं! त्यांनी मारलं हो! त्यांनी!”

आमच्या भाषेत ते एवढंच: ‘था’ने नाही, ‘था’ने. कुणी नाही मारलं, कुणी मारलं? आई तीन हातांवर उभी होती, पोरीकडे रोखून बघत होती. तिच्यासमोर ‘आई’ हा शब्द काढायची पोरीची छाती झाली नाही. मी तिला कंबरेला धरून मागे ओढलं. “बापाची बाजू घेतेस? लाज नाही वाटत?” असं मी तिच्या कानात ओरडले.

“या हाताने मारतोस ना?” फांगने विचारलं. त्याने बापाचा उजवा हात उंबरठ्यावर ठेवला आणि त्यावर बूट हाणला. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तेव्हा मात्र तो ओरडला.

मला बरं वाटलं. लपवत नाही. पलंगाखालच्या पोरीला तीस वर्षांनी बरं वाटलं.

निघताना आईने माझ्या सायकलच्या हँडलला डुकराच्या धुरी दिलेल्या मांसाचा मोठा तुकडा अडकवला. “तुमचे उपकार कसे फेडू?” म्हणाली. मी तो मिरच्या घालून परतला आणि तीन दिवस खाल्ला.

नवव्या दिवशी सकाळी मियाओ चिनचा बाप मेला. डोक्यात मांस तोडायचा सुरा, तीन वार. पोलिसांनी सांगितलं, पहिला वार अडवायला त्याने डावा हात उचललेला दिसतो, तो कापला गेलाय. उजवा गळ्यात अडकवलेला होता, प्लास्टरमध्ये. तो चांगला असता तर कदाचित सुरा धरता आला असता. बायको चौकीत शांतपणे म्हणाली, दोन वर्षं मीच मारत होते त्यांना, रोज थोडं थोडं.

फांग दुसऱ्या गावी बदली मागून गेला. मी कुठे जाणार? मी रोजनिशीचं ते पान काढून बसले. माझी लाल शाई जागच्या जागी होती. तिच्या खाली मियाओ चिनचं निळं अक्षर. वर्षभरात पहिल्यांदा तिने पानभर एकही ‘ही’, एकही ‘शी’ चुकवलं नव्हतं. किती जपून लिहिलं असेल तिने.

परीक्षेला आठवडा उरला असताना ती परत आली. केस कापलेले, दंडाला काळी पट्टी. वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि ते पान तिच्यासमोर ठेवलं.

“सात चुका,” मी म्हणाले. “माझ्या.”

बांबूची पट्टी तिच्या हातात दिली आणि माझा उजवा हात पुढे केला. ती नको म्हणेल, रडेल, असं मला वाटलं होतं. मनातल्या मनात तशी आशाच करत होते मी.

तिने मारलं. खांद्यापासून हात उचलून, सगळं बळ लावून. वन. टू. तिसऱ्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाचव्याला पट्टी चिरली आणि तिची धार कातडीत शिरली. ती थांबली नाही. सिक्स. सेव्हन. आठवा मारला नाही. नियम तिला पाठ होता.

मग लाल पेन उचलून तिने माझ्या दुरुस्तीच्या खाली एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली.

‘शी किल्ड हिम.’

“बघा, बाई, काही चूक आहे का,” ती म्हणाली.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. काळ बरोबर होता. ‘शी’ बरोबर होतं. ‘हिम’ बरोबर होतं. उजवी बोटं मिटत नव्हती, म्हणून डाव्या हातात पेन धरून मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.