अहिल्याताईंचा सा

गुरुग्रामच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात दर शनिवारी बाख गायला जायचा, आणि गाणाऱ्यांचा माज असा की जणू बाख त्यांच्याच टॉवरात अकराव्या मजल्यावर राहून गेला होता.

अहिल्याताई तिथे दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातून मेट्रोने यायच्या. केंद्र सरकारच्या नोकरीत सव्वीस वर्षं काढलेली बाई. त्यांना बाखची भारी कणव. तीनशे वर्षांपूर्वीचा हा जर्मन संगीतकारही नोकरदारच! लाइपझिगच्या नगर परिषदेच्या चाकरीत, रविवार आला की प्रार्थनेसाठी नवा कँटाटा हजर करायचा. कधी एकट्याचं गाणं, कधी सगळ्यांचं मिळून, साथीला वाद्यं. आणि वर साहेबांची बोलणी खायची. ‘‘आमच्या मंत्रालयात असता तर कधीच व्हीआरएस घेतली असती त्याने,’’ असं त्या म्हणायच्या.

पाच रेघांवरचे स्वरलिपीचे ते काळे टिपके मात्र ताईंना वाचता येत नसत. डबा खाताना मोबाइलवर एकेक ओळ ऐकायची आणि वहीत सारेगम लिहून काढायची, अशी त्यांनी आपली सगळी गाणी पाठ केली होती.

गायकवृंद चालवणारा अंशुमन तीन वर्षं व्हिएन्नात शिकून आलेला. कार्यक्रम आठवड्यावर आला, तेव्हा त्याने फर्मान काढलं.

‘‘आज प्रत्येकाची परीक्षा. कागद वाचून गायचं. जमणार नाही त्यांनी पुढच्या रविवारी प्रेक्षकांत बसायचं. अहिल्याताई, सॉरी, तुम्ही आत्तापासूनच बसा.’’

‘‘दोन महिन्यांत एकदा तरी चुकले का रे मी?’’

‘‘चुकण्याचा प्रश्न नाही. स्टँडर्डचा प्रश्न आहे.’’

‘‘ताई, यार, बाख आहे, भजन नाही,’’ हेमांगी हसली. बायकांच्या खालच्या आवाजांची ती म्होरकी.

‘‘भजन तरी येतं का गं तुला?’’ ताईंनी विचारलं आणि त्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. बोलल्या ठसक्यात, पण दोन महिने ज्या रविवारसाठी जगल्या, तो हातातून गेला होता.

त्या दिवशी साथीसाठी पुण्याहून अविनाश एक छोटा ऑर्गन घेऊन आला होता. अंशुमनचा हट्ट होता की जुन्या पद्धतीच्या सुरात गायचं, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली. ऑर्गन तसाच लावलेला. परीक्षेआधी सगळ्यांनी एकदा मिळून गायचं ठरलं.

आणि पार विचका झाला.

हेमांगीचा कान असा की लिफ्टची घंटी वाजली तरी स्वर कोणता ते सांगेल. तोच कान आज मुळावर उठला. कागदावर दिसे एक सूर, ऑर्गनमधून येई दुसराच. ती आपली सवयीच्या जागी, अर्धा सूर वर जाऊन बसे, आणि तिच्या भरवशावर गाणाऱ्या सहाजणी तिच्यामागे. ऑर्गन खाली, बायका वर. तीनदा केलं, तीनदा तेच.

‘‘मला दिसतंय एक आणि ऐकू येतंय भलतंच!’’ हेमांगी रडकुंडीला आली.

ताईंना ऐकवेना. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘‘अविनाश, बाळा, आज तुझा सा कुठे आलाय? तेवढा दाबून धर.’’

अविनाशने धरला. ताईंनी डोळे मिटले आणि अख्खी ओळ गायली, ऑर्गनच्या सुराला सूर चिकटवून. त्यांना काय फरक पडणार होता? सरकारी बदली झाली की संध्याकाळपर्यंत नव्या क्वार्टरात चहा उकळायला हवा, तसं त्यांचं गाणं. सा कुठेही ठेवा, तिथून संसार मांडायचा.

हेमांगीने हातातला कागद मिटला.

‘‘ताई, माझ्या शेजारी उभ्या राहा ना,’’ हेमांगी म्हणाली. ‘‘मी कागद बघतच नाही. तुमचंच ऐकते.’’

‘‘मी तर प्रेक्षक आहे बाई.’’

‘‘या ना अहिल्याताई,’’ अंशुमन पुटपुटला.

‘‘पुटपुटू नकोस. बाहेर काढलंस सगळ्यांसमोर, आत घेतानाही सगळ्यांना ऐकू जाऊ दे.’’

अंशुमनचे कान लाल झाले. पण पोरगा इमानी निघाला. ‘‘अहिल्याताई रविवारी गाणार,’’ तो मोठ्याने म्हणाला, ‘‘आणि मधोमध उभ्या राहून. माझं चुकलं. परीक्षा रद्द.’’

परीक्षा रद्द म्हटल्यावर पुरुषांच्या रांगेतून जोरदार टाळी पडली. तिथेही कागद न वाचता येणारे चोर होतेच!

पुन्हा सुरू झालं. आधी वरचे आवाज, मग पुरुष, आणि खालच्या बायकांची जागा आली तशी ताईंनी हेमांगीच्या दंडाला चिमटा काढला. आठही गळे एकदम, नेमक्या सुरात आत शिरले. हेमांगीला गाता गाता हसू फुटलं, एक शब्द वाकडा झाला. अंशुमनने ऐकला, आणि हात न थांबवता गाणं पुढे नेलं.