कणगीवरचा दुसरा हात

टेकाडावरच्या करवंदीच्या जाळीपाशी उभं राहून वर्षालीने पासवर्डचं शेवटचं अक्षर टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चाक फिरत राहिलं. सूर्यमाळच्या त्यांच्या पाड्यावर इंटरनेट पकडायचं तर याच टेकाडावर यावं लागे, आणि इथेही फोन हातभर उंच धरावा लागे. अखेर चाक थांबलं. ‘आपल्या नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक इथे लिहा.’ त्याखाली लाल आकडे उलटे पळत होते. अडतीस मिनिटं.

तेवढ्या वेळात क्रमांक भरला नाही तर पेज कायमचं बंद. सकाळी आलेल्या मेसेजात तसं स्वच्छ लिहिलं होतं. ‘आपल्या व्यवसाय पेजचे सुरक्षा प्रमाणपत्र संपले आहे. त्वरित नूतनीकरण करावे.’ वाचून वर्षाली तशीच टेकाडाकडे धावली होती. पेज म्हणजे काय साधी गोष्ट होती का? ‘सूर्यमाळची नाचणी’ या नावाने तिने ते चार वर्षांपूर्वी उघडलं, लग्न होऊन या घरात आली त्याच साली. आज अकरा हजार माणसं ते बघत होती. पाड्यावरच्या चौदा बाया नाचणीचं पीठ, पापड, सत्त्व करत, आणि ठाण्यापासून नाशिकपर्यंतची मागणी येई ती याच पेजवर. दुसरं दुकान नव्हतं. त्या जोरावर गेले दोन हिवाळे सात घरांनी वीटभट्टीची वाट धरली नव्हती. पेज गेलं तर मार्गशीर्ष सरायच्या आत ती सात घरं पोरांची शाळा सोडवून पुन्हा भट्टीच्या गाडीत बसणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

बरं, घाई असली तरी ती आंधळेपणाने वागली नव्हती. जव्हारच्या ऑनलाइन विक्रीच्या प्रशिक्षणात हेमंत सरांनी फळ्यावर भलंमोठं कुलूप काढून शिकवलं होतं, की कुठलंही पान उघडलं तर आधी वरच्या पट्टीत कुलूप बघायचं, आणि नसेल तर तिथूनच मागे फिरायचं. तिने बघितलं होतं. कुलूप होतं.

अडचण एवढीच की नोंदवलेला मोबाइल पोशीचा, म्हणजे सासूचा होता. पेज उघडलं तेव्हा घरात तोच एक होता. पोशी तो पडवीच्या खांबाला पिशवीत टांगून ठेवी, कारण नेटवर्कची जी काय एक काडी मिळे ती तिथेच. वर्षाली दर दोन-तीन महिन्यांनी म्हणे, “आई, नंबर माझा टाकू या ना.” पोशी म्हणे, “टाकू. घाई काय हाय?” चार वर्षं झाली तरी बाईला घाई नव्हती!

वर्षालीने फोन लावला.

“आई, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आलेत. वाचून दाखवा.”

“आलेत,” पोशी म्हणाली. अक्षर येत नसलं तरी आकडे तिला वाचता येत. “कोन मागतं?”

“पेजची कंपनी मागते. सांगा लवकर.”

पलीकडून आवाज आला, “इकडं ये.”

“आई, वेळ नाहीये हो! मी खाली उतरून परत वर येईपर्यंत—”

“इकडं ये पोरी,” असं म्हणून पोशीने फोन ठेवून दिला.

वर्षाली तरातरा उतरायला लागली. सात घरं उठायची वेळ आली आणि या बाईला समोर बसवून बोलायचंय! दगडावर पाय घसरला, चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा ती चपला हातात घेऊन अनवाणी पळाली. आज काय ते तोंडावर सांगून टाकायचं, की तुमच्या एका नंबरापायी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

पोशी अंगणात होती, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. बियाणं भरायचा दिवस होता. निवडून वाळवलेली नाचणी बांबूच्या कणगीत भरून झाली होती, वर पळसाची पानं अंथरली होती, आणि शेण, माती, राख एकत्र कालवून ती कणगीचं तोंड लिंपत होती.

“आई, हे नंतर नाही का होणार?”

“सुकतं ना ते.” पोशीने मान वर केली नाही. “बस. मला दाखव काय ते.”

वर्षालीने दात आवळले आणि फोन तिच्यापुढे धरला. “हे बघा कुलूप. हे असलं म्हणजे काळजी नसते. आपण लिहिलेलं वाटेत कोणालाही वाचता येत नाही. सरळ त्यांच्यापाशी पोचतं.”

“कोनापाशी?”

“त्यांच्यापाशी.”

“त्यांचं नाव काय?”

वर्षाली पान वरखाली सरकवून नाव शोधू लागली.

“साखरशेतवरनं माझा भाऊ बियानं धाडतो,” पोशी म्हणाली. लिंपणाचा गोळा ती अंगठ्याने कडेला दाबत होती. “नवसू. टोपलीचं तोंड असंच लिंपून धाडतो. लिंपन धड असलं तर काय कळतं? वाटंत कोनी हात घातला नाय, एवढंच. आत नवसूचं बी हाय का कोनी भुसा भरलाय, ते लिंपन सांगतं का? चोराला काय शेन मिळत नाय?”

“मग तुम्हाला कसं कळतं?”

“हात बघते. कोनाचा हाय तो.”

या घरात लिंपण ओलं असतानाच त्यावर हात उमटवत. पोशीची उजवी करंगळी विळ्याने अर्धी गेलेली, त्यामुळे तिचा पंजा कोणीही ओळखावा. तिच्या शेजारी दरवर्षी दुसरा पंजा असे, तो पोशीची जाऊ सुकरी हिचा. वर्षाली दरवर्षी त्या दोन पंजांचा फोटो काढून पेजवर टाकी. लोकांना तो फार आवडे. ती स्वतः मात्र त्याकडे एक नक्षी म्हणूनच बघत आली होती.

ती ओट्यावर बसली. चार वर्षांत तिने कुलूप शेकडो वेळा बघितलं होतं, पण त्यावर बोट कधी ठेवलं नव्हतं. आज ठेवलं. एक लहान चौकट उघडली. त्यात प्रमाणपत्र कोणाच्या नावाने दिलंय ते लिहिलं होतं. नाव लांबलचक, पेज, मदत, तपासणी असे शब्द एकमेकांना चिकटवून केलेलं, आणि शेवटी कसलीशी तीन अक्षरं. कंपनीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. खाली तारीख होती. ज्या पानाने तिच्या चार वर्षांच्या पेजचा दाखला मागितला होता, त्या पानाचा स्वतःचा दाखला परवाच काढलेला होता.

“आई,” ती हळूच म्हणाली, “हे कोणी भलतंच आहे.”

“असंल.”

पडवीतली पिशवी थरथरली. नवा आकडा आला होता. मिनिटभराने आणखी एक. पलीकडे कोणाला तरी दम निघत नव्हता.

“मी पासवर्ड देऊन बसले, आई. सगळं माझ्या हाताने देऊन बसले.”

“सगळं कुठं? एक हात दिलास,” पोशी म्हणाली. “दुसरा माझ्यापाशी हाय ना. माझ्या सासूनं ही रीत घातली. जेठ महिन्यात घरात दाना नसतो. भुकेनं मानसाचा हात आपसूक बियाकडं जातो. चांगल्या मानसाचाबी जातो. म्हनून कणगीवर दोन हात. एकटीनं फोडायची नाय, दोघींनी ठरवून फोडायची. एकीचं चुकलं तर दुसरी हाय.” तिने हातावरची माती निपटली. “जा आता. तुझा हात बदलून ये.”

ही बाई एक दिवस शाळेत गेली नव्हती. जव्हारच्या वर्गात तीन दिवस बसून जे कळलं नाही ते हिने शेणाचा गोळा हातात धरून सांगितलं, आणि त्यात ‘तुझं चुकलं’ असा एक शब्द नव्हता. वर्षालीला सासूचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले. पण रडायला वेळ होता कुठे?

ती टेकाड अनवाणीच चढली. मेसेजमधलं पान बंद केलं आणि कंपनीचं मूळ अॅप उघडलं. तिथे पेज जागच्या जागी होतं. प्रमाणपत्र संपल्याचा कुठे उल्लेखसुद्धा नव्हता. असणार कसा? मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की पेजला वेगळं प्रमाणपत्र लागतच नाही. ते कंपनीचं असतं आणि कंपनीच सांभाळते. तिने पासवर्ड बदलायला घेतला. पुन्हा तीच ओळ आली, सहा आकडी क्रमांक लिहा. तिने फोन लावला.

“आई, आत्ता एक आकडा आला असेल. शेवटचा.”

“आलाय. कोन मागतं?”

वर्षालीला हसू आलं.

“मी मागते, आई. वर्षाली.”

पोशीने सहाच्या सहा आकडे एकेक करून, शाळेत पाढे म्हणावेत तसे वाचून दाखवले. पासवर्ड बदलला. कुठल्या कुठल्या शहरातून कोणी शिरू बघत होतं, त्या सगळ्यांची वाट बंद झाली. त्या सकाळच्या तीन नव्या मागण्या पेजवर तशाच वाट बघत होत्या.

ती खाली आली तेव्हा उन्हं अंगणभर पसरली होती. पोशी कणगीपाशीच बसून होती. लिंपण सुकू नये म्हणून तिने त्यावर ओलं फडकं टाकलं होतं.

“झालं?”

“झालं, आई. आणि नंबर तुमचाच राहू दे.”

“राहू दे,” पोशी म्हणाली आणि तिने फडकं उचललं. लिंपणावर डाव्या बाजूला अर्ध्या करंगळीचा पंजा उमटलेला होता. उजवी बाजू नुसती सारवलेली, गुळगुळीत.

“सुकरीकाकू आल्या नाहीत?”

“आलती. तिला परत धाडली.” पोशी कणगीपासून जराशी बाजूला सरकली. “सुकतंय बघ.”

वर्षालीने चपला खाली ठेवल्या, बांगड्या मागे सारल्या आणि हात ओला केला.