सायलसची जाहिरात

गुलामी सुटून नऊ वर्षं झाली होती. तरी टेनेसीतल्या त्या लाकडी चर्चमध्ये दर रविवारी प्रवचन आटोपलं की पाद्रीबुवा वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून दाखवत. मालकांनी जनावरांसारखी विकलेली माणसं अजून एकमेकांना शोधत होती.

हॅना पाच वर्षं कानात प्राण आणून ऐकत राहिली. मग तिने नाद सोडला आणि आयझमशी लग्न केलं. आता पदरात तीन पोरं होती.

त्या रविवारी बुवांनी वाचलं, "माझी बायको टेम्पी. रिचमंडच्या गुलामांच्या बाजारात आमची ताटातूट झाली. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. मी दुसरं लग्न केलेलं नाही. सायलस."

टेम्पी हे हॅनाचंच जुनं नाव. नव्या मालकाने ते बदललं होतं, त्यामुळे गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं. आयझमला डाग मात्र ठाऊक होता. त्याने तिची शाल मनगटावर ओढली.

सगळे गेल्यावर ती बुवांपाशी आली. "सायलसला कळवा, टेम्पी मागेच तापाने गेली."

"तुला कसं माहीत?"

"मी होते ना तिच्याजवळ. आणि लिहा, आता तरी लग्न कर, मूर्खा."

बुवांची लेखणी थांबली. भर उन्हाळ्यात घट्ट धरलेल्या त्या शालीकडे त्यांनी पाहिलं. "मूर्खा, असं ती म्हणाली होती?"

"लाडात आली की तसंच म्हणायची," हॅना म्हणाली. "लिहा तुम्ही. त्याला पटेल."