हरणी कुणी बोलायची

खेळ संपला की शाळेची पोरं पडद्यामागं धावत यायची आणि नागरत्नाला गराडा घालायची.

"हरणी अक्का, एकदा बोलून दाखव ना!"

मग नागरत्ना मान जरा तिरकी करून म्हणायची, "पाडसा, गवतात दडून राहा रे. आई लांब गेली तरी तिचं लक्ष तुझ्याकडंच आहे." पोरं खूश. एखादी मुलगी तर तिचा पदरच धरून ठेवायची.

केंचव्वाकडं चुकून एखादं पोरगं वळायचं. "अज्जी, तू कुत्रा ना? भुंकून दाखव की."

केंचव्वा भुंकून दाखवायची. काय करणार! पण भुंकताना नजर असायची सुनेवर, नागरत्नावर.

कातडी बाहुल्यांचं हे घर. पडद्यावर राणी असो, देवी असो, दासी असो, बाईचा आवाज केंचव्वाचाच. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तसंच होतं. तिनं पडद्यामागं हुंदका दिला की पडद्यापुढं बायका डोळे पुसायच्या. मग रान खात्याची माणसं आली. काळविटांच्या रानात शाळांच्या सहली येतात, सकाळी पोरं हरणं बघतील, दुपारी तुम्ही शेडमध्ये हरणांचाच खेळ दाखवा, म्हणाली. लेक बसू, त्यानं शेळीच्या कातड्याच्या नव्या बाहुल्या कापल्या. आज्याच्या वेळच्या बाहुल्या हरणाच्या कातड्याच्या, त्या पेटीत बंद होत्या. "त्या पेटीचं नावसुद्धा तिथं काढू नका," नवरा फकीरप्पा म्हणाला, "नाहीतर हरणं वाचवायला गेलो आणि आपणच आत गेलो!" सगळे हसले. त्याच हसण्याच्या भरात त्यानं कामं वाटली. "हरणी तरणी आहे, ती नागरत्ना बोलेल. तुझा आवाज आता घोगरा झालाय, कुत्र्याला शोभेल."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

एक दिवस धारवाडहून शाळाखात्याच्या मॅडम येणार होत्या. खेळ त्यांना आवडला तर थंडीभर सगळ्या शाळांच्या बसगाड्या इथं येणार होत्या. केंचव्वाला बसगाड्यांचं काही नव्हतं. तिच्या डोक्यात एकच होतं. मॅडमसमोर ही एकदा अडखळली, तर फकीरप्पा हरणी माझ्याकडं देईल.

खेळाआधी नागरत्ना गूळ-मिऱ्याचं गरम पाणी घेऊन आली. "अत्ती, घसा धरलाय तुमचा. घ्या."

घसा धरलाय हे सगळ्यांदेखत सांगायची काय गरज होती? केंचव्वानं पाणी घेतलं आणि सून वळताच बाजूला ओतून दिलं.

खिडक्यांना पोती लावली, दिवा लागला. पडद्यावर हरणीनं पाडसाला गवतात बसवलं आणि ती लांब चरायला गेली. एकटं पाडस दिसलं म्हणजे ते पोरकं नसतं, त्याला उचलून न्यायचं नसतं, एवढंच पोरांना शिकवायचं होतं. मग कुत्रा यायचा, हरणीला पाडसाचा ठाव विचारायचा आणि ती त्याला बोलण्यात गुंतवून भलतीकडं न्यायची. प्रश्नाला उत्तर, उत्तराला प्रश्न. कुत्रा बोलला नाही तर हरणीला पुढं जायला वाटच नव्हती.

"इथं माझं कुणी नाही, कुत्रोबा," नागरत्ना म्हणाली. "मी एकटीच."

आता कुत्र्यानं म्हणायचं होतं, "मग दूध कुणासाठी भरलंय गं?"

केंचव्वानं तोंड मिटलं.

फकीरप्पानं कुत्र्याच्या बाहुलीची काठी हातात धरूनच तिला पायानं ढोसलं. ती हलली नाही. नागरत्नानं तिच्याकडं पाहिलं. आधी वाटलं, अत्ती विसरल्या. मग तिनं ते मिटलेलं तोंड नीट पाहिलं आणि तिला कळलं. तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि खाली बसली. हरणी धरलेला बसूचा हात भीतीनं थरथरत होता. पडद्यावर हरणीचे कान थरथरू लागले.

पडद्यापलीकडून एक बारीक आवाज आला, "पाडसा, हलू नको."

"गप्प! कुत्रा ऐकेल!"

त्यानंतर कुणी खोकलंसुद्धा नाही. इतकी पोरं एका शेडमध्ये आणि एवढी शांतता! फकीरप्पा जुना माणूस. त्यानं कुत्र्याला हुंगत हुंगत पाडसाच्या अगदी शेपटीजवळून नेलं, थांबवलं आणि हळूच पलीकडं काढलं. सगळ्या शेडनं एकदम श्वास सोडला. मग टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा.

केंचव्वाचा जबडा दुखत होता.

मॅडम पडद्यामागं आल्या त्या डोळे पुसतच. "अहो, संवाद तर कुणीही लिहितो. ते गप्प बसणं कुणाला सुचलं?"

फकीरप्पानं बायकोकडं रागानं पाहिलं आणि तोंड उघडलं. त्याच्या आधी नागरत्ना बोलली, "अत्तींना. सगळं त्याच शिकवतात आम्हाला."

मॅडमनी वाकून केंचव्वाच्या पायांना हात लावला. "अज्जी, हे असंच ठेवा. एक शब्द वाढवू नका, एक कमी करू नका. सगळ्या शाळा पाठवते."

बाहुल्या गुंडाळताना दोघीच राहिल्या.

"खोटं कशाला बोललीस?"

"खोटं काय त्यात? गप्प तुम्हीच बसलात."

"का बसले ते कळलं ना?"

"कळलं की! मी काय आंधळी आहे?" नागरत्नानं गाठ आवळली. "पण खरं सांगू अत्ती? तुमच्या जागी मी असते तर मधेच हसले असते. इतका वेळ राग धरून बसणं मला नसतं जमलं."

केंचव्वाला हसू आलं, ते तिनं गिळलं. हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या परत करता येतात. जन्मभर जे कौतुक तिनं आपल्या गळ्यानं मिळवलं, ते आज सुनेनं तिच्या हातावर ठेवलं होतं, प्रसादासारखं. आणि आता हरणी मागायलाही तोंड उरलं नव्हतं. एक शब्द इकडचा तिकडं करायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी राणेबेन्नूरची बस आली. पोती लागली, दिवा लागला.

"मी एकटीच," नागरत्ना म्हणाली. आज तर कालच्याहून गोड.

केंचव्वाच्या गळ्यात कुत्र्याचं वाक्य तयार होतं. आज घसाही मोकळा होता. ती तोंड मिटून बसली. पलीकडं पोरांनी श्वास रोखला तो हरणीसाठी.