लाँड्रीवाल्यांचा ताप

लाँड्रीवाले काका भिंत धरून डॉक्टरांकडे आले. तीन दिवस ताप, डोळे लालभडक, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की जिना चढताना त्यांनी प्रत्येक पायरीचा उद्धार केला. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि ते जेवायला खाली उतरले.

खाली त्यांच्या ताईचा जनावरांचा दवाखाना. डबा तिथंच खायचा. वर औषधांचा वास येतो, ही ताईची तक्रार. खाली कुत्र्यांचा येतो, हे ती धरत नसे.

"आज मुकादम आलाय," ताई म्हणाली. "लाँड्रीवाल्यांचा कुत्रा. काकू घेऊन आल्या. डोळे पिवळेधमक."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "अगं, काका आत्ता वर होते. तापाने फणफणलेत."

"मग बसलायस काय? ऊठ!"

दोघं लाँड्रीवर गेले. मागच्या अंगणात घोटाभर पाणी साचलं होतं. कपड्यांच्या धाग्यांनी गटार तुंबलेलं. काका भेगाळल्या टाचांनी त्याच पाण्यात उभे राहून चादरी वाळत घालत, आणि मुकादम तेच पाणी पीत असे. कडेने उंदरांच्या लेंड्याच लेंड्या.

"लेप्टो," दोघं एकदमच म्हणाले. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा आजार.

काका चिडले. "म्हणजे मला कुत्र्याचा रोग झाला?"

"नाही हो काका, दोघांना उंदरांनी दिलाय," ताई म्हणाली. "पण एवढे उंदीर जमले कसे?"

काकू पदराशी चाळा करू लागल्या. "मी चिमण्यांना पाव टाकते रोज."

"एवढ्या लांब शेपटीच्या चिमण्या?" काका म्हणाले, आणि तशा तापातही हसले.

तपासणीत लेप्टोच निघाला. काका हॉस्पिटलात, मुकादम ताईकडे, दोघांनाही सलाईन. गटारातून गोधडीएवढा धाग्यांचा बोळा निघाला. मशिनच्या पाइपला जाळी बसली, उंदरांचा बंदोबस्त झाला, काकूंनी पाव टाकणं बंद केलं.

काका ताटातला भात नुसता चिवडत, आणि फोनवर फक्त कुत्र्याची चौकशी करत, जेवला का तो. "माझी नाही हो कधी केली," काकू ताईला म्हणाल्या.

पाचव्या दिवशी मुकादमने वाडगं चाटूनपुसून साफ केलं. ताईने लगेच फोन लावला. पलीकडे बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग काकांनी नर्सबाईंना हाक मारली, "बाई, थोडा भात अजून मिळेल का?"