कोपरा मोकळा ठेवा

मी व्हरांड्यातला फळा. जांबोटीच्या पुढं, रानातल्या एका मराठी शाळेत, खिळ्याला टांगलेला. फणसाच्या फळीचा आहे, म्हणून पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात कुरकुरतो.

माझ्यावर रोज सुविचार लिहीत. कल्याणीबाई बेळगावहून बदली होऊन आल्या आणि त्यांनी सुविचार अर्ध्यातच थांबवला. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा सोडला. का, ते त्या कुणाला बोलल्या नाहीत.

एका सकाळी परशराम लवकर आला. सहावीतला, वर्गात हजेरीलासुद्धा मान हलवणारा. इकडंतिकडं बघून त्यानं कोपऱ्यात लिहिलं:

‘म्हस डोळं मिटून रवंथ करती
तिला पाऊस पाठ हाय’

पोरं हसली. “म्हशीचा कवी आला बघ रं!”

बाई चिडवणाऱ्याला म्हणाल्या, “म्हशीवर लिहायला म्हैस बघावी लागते. तू बघितलीस कधी?” मग खडू घेऊन त्यांनी त्या ओळींखाली दोनच शब्द लिहिले: ‘पुढं काय?’

दुसऱ्या दिवशी पुढच्या ओळी आल्या. दोघांचं बोलणं असं माझ्यावरच चालायचं. बाईंनी त्याची ओळ कधी खोडली नाही. तोही बाईंशी तोंडानं कधी बोलला नाही.

सातवी झाली आणि त्याची शाळा सुटली. वडिलांना जमिनीवर घर भागवणं झेपेना, म्हणून तो बेळगावजवळच्या मच्छे गावी कारखान्यात लागला. कोपरा मोकळाच राहिला. पुसताना बाईंचा हात तिथं जरा थांबायचा.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप शनिवारी होता. परशरामला शनिवारी रजा मिळाली नाही, म्हणून तो शुक्रवारी संध्याकाळी आला. शाळा बंद होती. मिसरूड फुटलेला, हाताला तेलाचा वास. खडू उचलला आणि कोपऱ्यात लिहिलं:

‘बाई, यंत्राच्या आवाजात
अजून कुणीतरी इचारतंय
पुढं काय’

आणि शेवटच्या बसला पळाला.

आमच्याकडं दर शनिवारी शाळा सुटताना पोरं मला काळा करतात. संपलेल्या सेलांतला कोळसा कुटायचा, भोपळ्याच्या पाल्यात घोळायचा आणि फासायचा. त्या शनिवारी बाईंचा निरोप, म्हणून आरोही आणि साईराज सकाळीच भिडले.

“कायतरी लिवलंय गं हितं.”

“असूं दे रं. बाई यायच्या आत चकचकीत झाला पायजे.”

बाई आल्या. माझ्या ओल्या काळ्या अंगाकडं बघून हसल्या. मग हळूच विचारलं, “परशा आला नाही का रे?”

“न्हाय बाई.”

जाताना त्यांनी कोपऱ्याशी खडू ठेवला. “हा कोपरा मोकळा ठेवा,” म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी परशराम आला. कोरा कोपरा बघून त्यानं साईराजला विचारलं, “बाई कायी म्हणल्या व्हय?”

“कोपरा मोकळा ठेवा म्हणल्या.”

त्यानं खडू हातात घेतला. बाईंनी आपलं वाचलं आणि पुसलं, असंच त्याला वाटलं असेल. खडू होता तिथं ठेवून तो गेला. नंतर आला नाही.

आता दर शनिवारी माझ्यावर नवा थर चढतो. त्याच्या ओळी तळाशी आहेत. मला त्या कळतात, पण फळ्याला स्वतःहून बोलता येत नाही.

तुम्ही बेळगावला जाल, बाई आता तिथंच असतात. कल्याणीबाई भेटल्या तर एवढं सांगा, परशा येऊन गेला होता, आदल्या दिवशी. काय लिहिलं होतं तेही सांगा. त्या ऐकून घेतील, चष्मा पुसतील आणि मग विचारतील, पुढं काय?

तेवढं मच्छ्याला जाऊन त्याला कळवा.