रांगेतला फोन
तुरुंगातल्या नवऱ्याला आपण फोन लावायचा नसतो, तिकडून यायचा असतो. एवढी साधी गोष्ट, पण तिच्या नणंदेच्या डोक्यात ती काही केल्या शिरत नव्हती.

"अगं, आपण लावून बघू ना," नणंद परगावाहून बोलत होती. "आई इतकी आजारी म्हटल्यावर देतील की बोलायला! आणि अशा वेळी रजा मिळते म्हणे. अर्ज त्यानं करायचा की आपण? बेड्या घालून आणतात का गं? शेजारी काय म्हणतील?"

"ताई, मी काय जेलर आहे? ठेवा बरं फोन. तेवढ्यात त्याचा यायचा नि लागायचा नाही."

"ठेवते, ठेवते. पण आईचं त्याला सांगू नकोस हं. तिथं एकटा भिंतीवर डोकं आपटून घेईल."

ही एक वेगळीच पंचाईत. रजेचा अर्ज करायला लावायचा, आणि कशासाठी ते सांगायचं नाही! ताईंचं सगळं असंच.

सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. दाराबाहेर आल्यावर हळूच म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा. सासूबाईंचं बोलणं कालपासून बंद होतं. त्याआधी त्यांनी एकच मागितलं होतं, "त्याचा आवाज ऐकव गं एकदा." बाकी त्यांनी सुनेकडे उभ्या आयुष्यात काही मागितलं नव्हतं, नुसते हुकूम सोडले होते. म्हणून तर ते मागणं तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

आज त्याच्या फोनचा वार. दुपारपासून बराकी बंद होईपर्यंत कधीही येईल. टेलर मास्तरांनी उंची कमी करायच्या पँटी घरी दिल्या होत्या. मशीनच्या आवाजात रिंग ऐकू यायची नाही म्हणून ती हातानं टाके घालत होती. पण लक्ष कुठं ठिकाणावर? एका पँटचा पाय तिनं खालून चक्क बंद करून टाकला. कपाळावर हात मारला, उसवायला घेतला, तोही अर्धा सोडून उठली. खिडकीशी गेली, कारण रेंज तिथंच. मग सासूबाईंपाशी. पुन्हा खिडकीशी. मेला फोन ढिम्म!

शेवटी तिला राहवेना. निदान निरोप तरी द्यावा म्हणून तिनं तुरुंगाच्या ऑफिसात फोन लावला. बराच वेळ नुसती गाण्याची धून वाजली. मग एक माणूस आला.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"बायको. त्यांची आई..."

"आजारपणाचा डॉक्टरांचा कागद आणा. चौकशी होईल, मग सांगू."

"साहेब, तोवर त्या राहतील का?"

"बाई, नियम मी केलेत का?"

फोन ठेवला आणि पाहते तर मिस्ड कॉल. अनोळखी नंबर. तिनं लावून पाहिला. या नंबरवर फोन करता येत नाही, म्हणे. त्याच्यापर्यंत पोहोचायच्या नादात तिनं त्याचाच फोन अडवला होता! तिनं स्वतःला ठेवणीतल्या शिव्या दिल्या. रडूही येईना, इतका राग आला.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा फोन वाजला.

"कुणाशी एवढं बोलत होतीस? बिझी लागला, परत रांगेच्या शेपटाला जावं लागलं. आता दोनच मिनिटं देतायत. आई कशी आहे?"

ताईंचे शब्द तिच्या ओठांवर आले. बरी आहे, झोपलीय. सोपं होतं.

"बरी नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. बोलता येत नाही, पण ऐकू येतंय. कानाला लावते, तू बोल."

पलीकडून हुंदका आला. त्यात रांगेतला गलका. मग मागून कुणाचा तरी भसाडा आवाज आला, "रडतोस काय, बोल! माझा पण वेळ घे."

तिनं फोन सासूबाईंच्या कानाशी धरला. तो काय बोलला ते तिनं ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच. सासूबाईंच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं आणि हाताची बोटं चादरीवर हलली. हात भरून आला तरी तिनं फोन हलू दिला नाही.

शेवटी तिनं तो स्वतःच्या कानाला लावला. "ज्यानं वेळ दिला त्याचं घरी कोण?"

"त्याची आई. का?"

"नंबर विचार त्याला. लवकर."

हाताशी कागद नव्हता. तिनं मास्तरांच्या खडूनं पँटवरच नंबर उतरवला आणि फोन कट झाला. ती माऊली कुठल्याशा घरात फोन मुठीत धरून बसली असणार. तिला सांगायला हवं, मुलगा बरा आहे, तुमचा वाटा त्यानं आम्हाला दिला. काय बोलायचं ते मनात जुळवून तिनं नंबर लावला.

रिंग पुरती वाजलीसुद्धा नाही.

"आलास का रे बाबा?" पलीकडून थकलेला, पण आनंदानं कापणारा आवाज आला. "कधीची बसलेय मी! बोल, बोल लवकर."